चूलपट्टी

(सरोवराकाठच्या एका लुओ गावातलं अंगण. समोरासमोर दोन मातीची घरं, दोन सवतींची, आणि दोन्हीकडे आपापली चूल. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. थोरली सिप्रोसा दारात बसून शेंगा सोलते आहे. पहिली बायको म्हणून तिला सगळे 'मिकाई' म्हणतात. धाकटी रिस्पा बाजारातून आली आहे, डोक्यावरची टोपली अजून उतरवायची आहे.)

रिस्पा : ...आणि साखरेचं तर नावच काढू नकोस, मिकाई! मी दुकानदाराला म्हटलं, बाबा, पुडी राहू दे, नुसता वास घेऊन जाते. त्याचे किती?

सिप्रोसा : मग? दिला का वास?

रिस्पा : म्हणाला, वासावर किती कर लावायचा ते अजून ठरायचंय.

सिप्रोसा : हळू बोल. काउंटीच्या कचेरीवाल्यांच्या कानावर गेलं तर खरंच लावतील.

रिस्पा : तू हस. तुला हसायला काय जातंय? तेल पाहिलंस का? आधी बाटली घ्यायचे, मग निम्मी बाटली, आता पुडीत मिळतं, तापावरच्या औषधासारखं. सरपणाची मोळी तर अशी बारीक झालीय की बांधायला दोरी जास्त लागते. पण एक सांगू? आज माझा दिवस फार छान गेला.

सिप्रोसा : कोण भेटला?

रिस्पा : कोणी भेटला नाही, तेच तर! पावतीवाला आलाच नाही. तो जाडा, टोपीवाला. रोज सकाळी टोपल्यांच्या रांगेतून यायचा, विकलं असो नसो, आधी पावती फाड. आज आलाच नाही! माझा हात मात्र दर घटकेला फडक्याकडे जायचा, ओमेना झाकायला. गिऱ्हाईक विचारतं, बाई, मासे विकायला आणलेस की लपवायला?

सिप्रोसा : म्हणजे खरंच बंद झाली बाजाराची पावती.

रिस्पा : बाजाराची बंद, बकरी विकायची बंद, सायकलवरून केळी न्यायची बंद. सगळ्या फुटकळ पावत्या रद्द. गेल्या महिन्यात चर्चच्या आवारात ती बाई कर्ण्यावरून सांगत होती ना, करसुधारणा म्हणून, ते हेच. मी तर म्हणते, पहिल्यांदा काहीतरी शहाणपणाचं केलं यांनी.

सिप्रोसा : मी पण होते की त्या आवारात. तू पहिलं अर्धं ऐकलंस आणि टाळ्या पिटत घरी आलीस. मी दुसरं अर्धं ऐकलं.

रिस्पा : चूलपट्टीचं म्हणतेस?

सिप्रोसा : नाहीतर काय! पावत्या गेल्या आणि त्यांच्या जागी चुलीमागे वर्षाला एक पट्टी. ज्या घरात चूल पेटते त्या घराने भरायची. आता मला सांग, मी आयुष्यात कधी बाजारात बसले? कधी केळी नेली सायकलवरून? मी कधी पावती फाडली नाही, म्हणून माझी कसली पावती माफ व्हायची नाही. तुझ्या डोक्यावरचं ओझं काढलं आणि माझ्या बोकांडी ठेवलं. अशी आहे तुझी सुधारणा.

रिस्पा : माझी कुठली? मी काय काउंटीत निवडून गेलेय?

सिप्रोसा : टाळ्या तर तूच वाजवत होतीस.

रिस्पा : बरं बाई, चुकले. टोपली उतरवायला हात लाव जरा. हां... मिकाई, मी बाजारात बसल्या बसल्या एक विचार केला.

सिप्रोसा : तरीच म्हटलं, ओमेना एवढी उरली कशी.

रिस्पा : ऐक तर खरं. पट्टी माणसामागे नाही, घरामागे नाही. चुलीमागे. म्हणजे चूल एक, तर पट्टी एक. आपण दोघी. तुझी चूल तिकडे, माझी इकडे. दोघींची तोंडं दोन, पोटं दोन, पण दोघी मिळून एका धड माणसाएवढंही जेवत नाही. मग चुली दोन कशाला?

सिप्रोसा : तोंड धुऊन ये. उन्हातून आलीयेस.

रिस्पा : सगळं गाव हेच करतंय! ओडेरोच्या तिघी बायका परवापासून एका चुलीवर शिजवतायत. ज्यांना एका बाकावर बसवायला पाद्री थकला, त्यांना काउंटीने एका चुलीपुढे बसवलं.

सिप्रोसा : आणि मडकी किती फुटली ते नाही सांगितलंस.

रिस्पा : दोनच. पण पट्टी वाचली!

सिप्रोसा : तू नवी आलीस तेव्हा होतीस की माझ्या चुलीवर. विसरलीस? म्हातारा तुला घेऊन आला, तुला वेगळं घर बांधून होईपर्यंत तू माझ्याच दगडांवर शिजवायचीस. मी तुला पंख्याने वारा घालायला शिकवलं, मक्याच्या पिठाची उगाली घोटायला शिकवलं. आणि घराला पत्रा चढला न चढला तोच तू म्हाताऱ्याच्या कानाशी लागलीस, मला माझी चूल हवी.

रिस्पा : तू मला उगाली घोटायला शिकवलंस? मला? माझ्या आईच्या घरी वीस माणसांची उगाली मी एकटी घोटत होते. तू दर वेळी मागे उभी राहून म्हणायचीस, 'तुमच्या सेमेकडच्या बायका अशीच पातळ करतात का गं?'

सिप्रोसा : पातळच व्हायची.

रिस्पा : म्हातारा तर दोनदा मागून घ्यायचा.

सिप्रोसा : पातळ होती, म्हणून पोट भरायचं नाही बिचाऱ्याचं.

रिस्पा : बघ! बघ ही! म्हणून मागितली मी वेगळी चूल. आणि आज मीच पायावर धोंडा मारून घेतेय, एकत्र ये म्हणून. पण तुला काय गरज? तुझ्याकडे सगळं आबादीआबाद. रोज दिवेलागणीला तुझ्या छपरावरून धूर निघतो. मी एक दिवस शिजवते आणि दोन दिवस तेच गरम करून खाते, आणि इकडे ही रोजची रोज ताजं!

सिप्रोसा : मिकाईच्या घरी धूर निघायलाच हवा.

रिस्पा : काय शिजवतेस तरी एवढं? ईस्टरला काय केलं होतंस म्हणालीस?

सिप्रोसा : टिलापिया. शेंगदाण्याच्या कुटातला.

रिस्पा : अख्खा?

सिप्रोसा : शेपटीसकट.

रिस्पा : वास कसा आला नाही मला? मी मनात म्हटलं, वारा उलटा असेल. तुझा लेक कॅलिस्टस पाठवतो वाटतं मोंबासाहून भरपूर. पैसे आले म्हणून मोबाइल वाजतो का तुझा दर महिन्याला?

सिप्रोसा : वाजतो, वाजतो. ती कोण येतेय बघ फाटकातून. छत्री घेऊन.

रिस्पा : अगंबाई! ही तीच, चूलपट्टीची. काल खालच्या वाडीत होती म्हणे. मिकाई, अजून वेळ गेलेली नाही. तू होय म्हण, मी पाण्याचा तांब्या ओतते माझ्या चुलीवर.

सिप्रोसा : गप्प बस. पाहुणी आलीय. ये गं पोरी, ये. सावलीत बस.

एव्हरलिन : नमस्कार, आजी. नमस्कार, आई. मी एव्हरलिन, काउंटीच्या महसूल कचेरीतून आलेय. घरोघरच्या चुलींची नोंद चाललीय. या अंगणात किती चुली?

सिप्रोसा : दोन.

रिस्पा : आम्ही त्यावरच बोलत होतो...

सिप्रोसा : दोन म्हटलं ना मी. एक माझी, ती पहिली. एक हिची. लिही आणि पाणी पी. उन्हाची वणवणतेयस.

एव्हरलिन : लिहिते. पण आजी, मला आत जाऊन बघावं लागेल. फोटो काढायचा असतो, आणि राखेत हात घालून बघायचं असतं, गरम आहे की थंड.

रिस्पा : राखेत हात? यासाठी शाळा शिकलीस होय गं!

एव्हरलिन : काय सांगू, आई! लोक इतक्या चुली लपवतायत की विचारू नका. काल एका घरी पलंगाखालून धूर येत होता. त्यांनी चुलीवर पलंग सरकवला होता आणि वर आजोबांना झोपवलं होतं. आजोबा घामाघूम! मी विचारलं, आजोबांना काय झालंय? तर म्हणाले, ताप.

सिप्रोसा : ज्यांनी लपवल्या त्यांच्याकडे बघ जाऊन. मी तर आहे म्हणतेय. मग बघायचं कशाला?

एव्हरलिन : नियम आहे, आजी. सगळ्यांना सारखा.

रिस्पा : ये, आधी माझी बघ. हे बघ तीन दगड, ही राख. घाल हात.

एव्हरलिन : हं, ऊब आहे. सकाळी पेटली होती. फोटो... झालं. आता आजींची.

सिप्रोसा : माझं घर आवरलेलं नाही.

एव्हरलिन : असू द्या हो, आजी. मी काय सासू म्हणून आलेय का?

सिप्रोसा : आत अंधार आहे. पाय अडखळेल तुझा.

एव्हरलिन : मोबाइलचा दिवा आहे ना. हे बघा, आलेच मी...

रिस्पा : असं काय करतेस, मिकाई? टिलापियाचे काटे राहिलेत की काय?

सिप्रोसा : तू जाऊ नकोस आत. रिस्पा! तू इथेच थांब.

एव्हरलिन : आई गं! चावलं! मला काहीतरी चावलं!

रिस्पा : काय चावलं? साप?

एव्हरलिन : कोंबडी! चुलीत कोंबडी बसलीय!

सिप्रोसा : कोंबडी चावत नाही, टोचते. आणि तू हात घालायच्या आधी तिला विचारलं नाहीस.

रिस्पा : सर बाजूला, बघू दे... मिकाई, ही तर खुडूक बसलीय. चक्क तीन दगडांच्या मधोमध. खाली अंडी आहेत.

सिप्रोसा : आहेत. दिवा काढ तिच्या डोळ्यांवरून. उठली तर अंडी गार होतील.

एव्हरलिन : अहो आजी, पण चुलीत कोंबडी कशाला बसवलीत?

सिप्रोसा : बाहेर बसवली तर मुंगूस येतं. मागच्या खेपेला सगळी अंडी नेली मेल्याने. आत कोपऱ्यात बसवली तर ती बसेना. चुलीतली राख तिला आवडली, बसली. मी काय करू?

रिस्पा : कधीपासून बसलीय?

सिप्रोसा : बसलीय आपली.

रिस्पा : कधीपासून, मिकाई?

सिप्रोसा : पिल्लं होतील आता येत्या रविवारच्या आसपास.

रिस्पा : म्हणजे ईस्टरच्या आधीपासून. ईस्टरच्या आधीपासून या चुलीत कोंबडी बसलीय. मग टिलापिया कुठे शिजला?

सिप्रोसा : पोरी, तू फोटो काढलास ना? चल बाहेर.

रिस्पा : आणि तो धूर? रोज दिवेलागणीला? मी डोळ्यांनी बघतेय रोज!

सिप्रोसा : डास होतात. शेण पेटवायचे मागच्या बाजूला. ओली पानं टाकायचे वर.

रिस्पा : डासांसाठी.

सिप्रोसा : हो, डासांसाठी.

रिस्पा : माझ्याकडे बघून सांग.

सिप्रोसा : तुझ्याकडे बघण्यासारखं काय आहे?

रिस्पा : मला दिसावा म्हणून! मला दिसावा म्हणून पानं जाळत होतीस तू! मी अंगणापलीकडून बघावं आणि म्हणावं, वा, मिकाईकडे आज पण चूल पेटली!

एव्हरलिन : मी... मी जरा बाहेर थांबू का?

सिप्रोसा : तू कशाला थांबतेस? घर माझं आहे. आरडाओरडा करणारी ही रिस्पा पाहुणी आहे.

रिस्पा : काय खात होतीस? एवढे दिवस काय खात होतीस तू?

सिप्रोसा : उपाशी नव्हते मी. अचिएंगकडे शेंगा सोलायला जाते. तिथे सोलता सोलता मूठभर तोंडात जातात. तीच या सोलायला घरी पण देते. सकाळी तिच्याकडेच पेज मिळते.

रिस्पा : शेंगा! शेंगदाण्याच्या कुटातला टिलापिया म्हणे! त्यातला कूट तेवढा खरा निघाला. आणि कॅलिस्टस?

सिप्रोसा : त्याला तिसरं झालंय. तिथे पाणीसुद्धा विकत घेतात. त्याने फोन केला की मी सांगते, इकडे सगळं भरपूर आहे, तू तुझं बघ.

रिस्पा : मिकाई, मला राग आलाय. मला इतका राग आलाय की काय बोलू ते सुचत नाहीये.

सिप्रोसा : पहिल्यांदाच होतंय असं. त्या पोरीला लिहून घ्यायला सांग.

रिस्पा : चेष्टा नको करूस! दोन दिवस खाऊन उरलेली उगाली मी रात्री कुत्र्याला घालत होते. कुत्र्याला! इथून दहा पावलं लांब. तू दारात बसून बघत होतीस आणि मला म्हणालीस, 'फार लाड करतेस कुत्र्याचे.'

सिप्रोसा : करतेसच. चांगला गुबगुबीत झालाय.

रिस्पा : हाक मारायची होतीस. एक हाक.

सिप्रोसा : आणि तू ताट घेऊन आली असतीस. फडकं झाकून. फाटकातून जाणाऱ्या येणाऱ्याने बघितलं असतं. मिकाई धाकटीच्या ताटावर जगते. तू नसतीस बोलली कोणाला, मला माहीत आहे. पण लोकांना काय, डोळे असतात.

रिस्पा : पण अंडी होती की! एक तरी उकडून खायचं.

सिप्रोसा : त्या अंड्यांची पिल्लं व्हायचीत. पिल्लं वाढवून विकायची आणि चूलपट्टी भरायची. सगळं ठरवून केलंय मी. तू एकटीच बाजारात बसून विचार करतेस असं नाही.

एव्हरलिन : थांबा, थांबा. आजी, मला नीट समजू द्या. तुम्ही चूलपट्टी भरायला पैसे हवेत म्हणून कोंबडी बसवलीत.

सिप्रोसा : हो.

एव्हरलिन : चुलीत.

सिप्रोसा : मुंगसाचं सांगितलं ना मघाशी.

एव्हरलिन : म्हणजे चुलीचा कर भरता यावा म्हणून चूलच बंद केलीत! अहो आजी, चूल पेटतच नसेल तर पट्टी लागतच नाही! थंड चूल, कर माफ. मी आत्ता खोडते तुमची नोंद. संपला प्रश्न.

सिप्रोसा : हात लावून बघ खोडायला.

एव्हरलिन : अहो, फायदा आहे तुमचा!

सिप्रोसा : माझी चूल लिही. पिल्लं झाली की पेटेल. पट्टी मी भरणार आहे.

एव्हरलिन : अख्खं गाव हातापाया पडतंय माझ्या, आमची चूल खोड म्हणून, आणि तुम्ही कर मागून घेताय? का?

सिप्रोसा : तुझं लग्न झालंय का गं?

एव्हरलिन : ठरलंय. डिसेंबरात.

सिप्रोसा : मग तुला कळेल हळूहळू. मी या घरात आले तेव्हा सासूने मला हाताला धरून आत आणलं. हे तीन दगड तिने स्वतः वाहून आणले होते ओढ्यावरून, आणि आपल्या हाताने मांडले. म्हणाली, आता हे घर. घर छपराने होत नाही, पोरी. छप्पर गोठ्यालाही असतं. शेतात पहिलं बी मी टाकते, मग ही टाकते. नव्या मक्याचा पहिला दाणा मी चाखते, मग ही. का? तर माझी चूल पहिली. आता तुमच्या यादीत लिहिलंत, या घरात चूल नाही. मग इथे राहते ती कोण? म्हातारी पाहुणी? कोणाकडे आलेली?

एव्हरलिन : असं काही कचेरीच्या मनात नाही हो, आजी.

सिप्रोसा : कचेरीला मन कुठलं? तुला आहे म्हणून तुला सांगतेय.

एव्हरलिन : पण मी खोटं नाही लिहू शकत. फोटोत कोंबडी आलीय. साहेब बघतील ना.

रिस्पा : मी बोलू का आता?

सिप्रोसा : मघापासून कोण बोलत होतं मग?

रिस्पा : एव्हरलिन, लिही. या अंगणात चूल एक. मालकीण, सिप्रोसा.

सिप्रोसा : काय?

एव्हरलिन : पण गरम चूल तर तुमच्याकडे आहे, आई.

रिस्पा : ती चूल तिचीच. तिच्या घरात कोंबडी बसलीय, म्हणून सध्या माझ्याकडे मांडलीय. तुमच्या नियमात चूल कोणत्या छपराखाली हवी असं काही आहे?

एव्हरलिन : नाही... तसं नाही. फक्त मुख्य कोण ते विचारतात.

रिस्पा : मुख्य ती. पहिलं बी तिचं, पहिला दाणा तिचा, आता पहिली सही पण तिचीच. मोठेपणा घ्यायचा तर सगळाच घ्यायला हवा ना.

सिप्रोसा : रिस्पा, तुझी चूल जाईल यादीतून.

रिस्पा : जाऊ दे.

सिप्रोसा : एवढी भांडून घेतलेली चूल. म्हाताऱ्याशी आठ दिवस अबोला धरला होतास तिच्यासाठी. आणि माझ्याशी तर...

रिस्पा : तुझ्याशी सगळा पावसाळा. माहीत आहे. म्हणून तर सांगतेय, जाऊ दे. यादीवर कोण शिजवतं? शिजवणार मी माझ्या हाताने, माझ्या मडक्यात. आणि पातळ झाली म्हणालीस तर तुझ्या कोंबडीला टोचायला सांगेन.

सिप्रोसा : आणि पट्टी?

रिस्पा : आता पावतीवाला रोज माझ्याकडून काही नेत नाही. ते जाईल पट्टीत. तुला वाटतं तसा सगळा फायदा माझ्या एकटीच्या टोपलीत नाही राहिला. बस?

सिप्रोसा : मी कोणाचं फुकट घेत नाही.

रिस्पा : फुकट कोण देतंय? पिल्लं झाली की माद्या माझ्या.

सिप्रोसा : वा! आणि कोंबडे मी ठेवू? पहाटे ओरडायला?

रिस्पा : बरं, निम्मी निम्मी.

सिप्रोसा : निवडणार मी.

रिस्पा : पहिली निवड मिकाईची. त्यात नवीन काय?

एव्हरलिन : लिहू का मग? चूल एक, पट्टी एक. कुटुंबप्रमुख, सिप्रोसा. दुसरी व्यक्ती, रिस्पा. नातं? इथे यादीतून निवडायचंय. मुलगी, सून, बहीण, नात, भाडेकरू, इतर.

रिस्पा : सवत नाही का त्यात?

एव्हरलिन : नाही हो. शहरात बसून बनवलीय ना ही यादी.

सिप्रोसा : भाडेकरू लिही.

रिस्पा : भाडं कोण देणार?

सिप्रोसा : मग सून लिही. माझ्या चुलीवर शिजवायला आली होती तेव्हा सूनच होती तशी. शिकली मात्र काही नाही.

रिस्पा : मी हिची सून? हिच्यापेक्षा माझे दात जास्त शाबूत आहेत!

एव्हरलिन : मी 'इतर' लिहिते, ठीक आहे? सगळ्यात सोपं.

सिप्रोसा : इतर? ही? माझं अर्धं आयुष्य ही माझ्या समोरच्या दारात बसून कटकट करतेय. म्हाताऱ्याला आम्ही दोघींनी मिळून आंघोळ घातली, शेवटची. इतर कोणाला लिहितेस? बहीण लिही.

एव्हरलिन : बहीण. बरं. धाकटी ना?

रिस्पा : धाकटी. तेवढं मात्र नीट लिही.

एव्हरलिन : झालं. आजी, इथे अंगठा ठेवा. हां. मी निघते, अजून वरची वाडी राहिलीय. आणि आजी... तुमची पिल्लं झाली की एक मला विकत द्याल? घरी आईला न्यायला.

सिप्रोसा : लग्नाला बोलव, तशीच देईन. आणि छत्री विसरू नकोस.

एव्हरलिन : येते, आजी. येते, आई.

रिस्पा : गेली. पोरगी चांगली आहे. हात बघितलास तिचा? चांगलाच टोचलाय तुझ्या कोंबडीने.

सिप्रोसा : कुटुंबप्रमुखाची कोंबडी आहे ती.

रिस्पा : आता वर्षभर ऐकायचंय हे मला. चल.

सिप्रोसा : कुठे?

रिस्पा : कुठे म्हणजे? आपल्या चुलीकडे. ओमेना उरलीय ती परतते, थोडा कडू पाला आहे, उगाली टाकते. घट्ट.

सिप्रोसा : शेंगा सोलायच्या राहिल्यात.

रिस्पा : आणि शेंगांना हात लावलास तर बघ! त्या अचिएंगला मी उद्या बघून घेते, नुसत्या पेजेवर राबवून घेते ती तुला. चल म्हटलं ना. सगळ्यांना दिसू दे अंगण ओलांडताना. तू पाहुणी म्हणून नाही येत, आपल्या चुलीवर काय शिजतंय ते बघायला येतेयस.

सिप्रोसा : काठी दे माझी. आणि हात धरू नकोस, मी काही आजारी नाही.

रिस्पा : नाही धरत. नुसती बाजूने चालते.

सिप्रोसा : उंबरा उंच केलायस तू.

रिस्पा : तुझ्याच भीतीने केला होता. ये. इथे बस, दाराशी नको, आत, धूर लागणार नाही असं. आता बोलू नकोस थोडा वेळ, मला घोटू दे.

सिप्रोसा : घोट. मी काही म्हणत नाही.

(रिस्पा उगाली घोटू लागते.)

सिप्रोसा : मडक्याच्या कडेला राहतंय.

रिस्पा : मिकाई!

सिप्रोसा : काही नाही म्हटलं मी. वास छान येतोय. खरंच छान येतोय, रिस्पा.

रिस्पा : डोळे पूस. धुराने झालेत असं म्हणू नकोस, धूर तिकडून जातोय.

सिप्रोसा : तू पण पूस. आणि हे काय, दोन ताटं कशाला काढलीस?

रिस्पा : एक तुझं, एक माझं.

सिप्रोसा : एक ठेव परत. साबण काय फुकट येतो?